अर्धा पिवळा, अर्धा निळा

मिसेस डिमेलो नातवंडांकडे कॅनडाला निघाल्या
तेव्हा बाबांनी ती त्यांच्याकडून घेतली,
एकशे दहा रुपयांना, तीन हप्त्यांत.
माझगावच्या उतारावरून हातगाडीवर आली,
काळी, मानेशी बाक असलेली,
अंगावर सोनेरी वेल,
आणि जिथं डिमेलोबाईंचा हात टेकत असे
तिथं पुसलेली.
आई म्हणाली, आली माझी सवत.

बाबा गोदीत, शिडांच्या खात्यात.
शिडं कधीच गेली होती, खात्याचं नाव तेवढं उरलेलं.
दिवसभर ताडपत्र्या, कनाती, बोटींची निशाणं.
संध्याकाळी घरी येऊन पुन्हा शिवण.
जीव विटत नाही का, आई विचारी.
"ते जाड काम," बाबा म्हणत.
एवढंच.

रविवारी मशीन दाराशी सरकायची, उजेडाला.
कुठल्या भोकात तेलाचे किती थेंब
हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पाठ.
दिनू चाकाला हात लावायला टपलेला.
मी खाली, पायडलच्या जाळीपाशी,
लोहचुंबकानं टाचण्या वेचत.
वर बाबांच्या ओठांत आणखी चार.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
बाबा बोलत नाहीत ते टाचण्यांमुळे.

चाळीतून पडदे यायचे, अभ्रे यायचे,
गोम्सच्या बँडचे लाल कोट, कोपरांत विरलेले.
कुणी पैसे देई, कुणी बांगडे.
रात्री उशिरापर्यंत तो आवाज,
एक लांब टीप, मग थांबा, मग कात्री,
आणि थांबा फार लांबला
की आम्ही झोपेतून जागे व्हायचो.

तिसरीत होते मी. शाळेचं गॅदरिंग.
बाबांनी फ्रॉक शिवला.
बघणाऱ्याच्या डाव्या हाताला पिवळा,
उजव्या हाताला निळा,
मधोमध उभी शिवण, पट्टीनं आखल्यासारखी.
कापड खरखरीत, मानेला टोचणारं,
पण वारा आला की असं उठायचं!
जिन्यात पोरं ओरडली,
बोट आली रे, बोट आली, भों.
घरी येऊन मी तो खाटेखाली फेकला.
बाबा रागावले नाहीत.
रात्री कधीतरी बसून उसवला असावा,
कारण सकाळी मशीनवर नवी खोळ होती,
अर्धी पिवळी, अर्धी निळी.

खोल्या बदलल्या, चाळ जाऊन टॉवर झाला,
दिनूच्या लग्नात मशीनवर पंगतीच्या पत्रावळी रचल्या.
खोळ तीच.
पिवळ्याचा रंग जुन्या हळदीसारखा उतरला,
निळा अजून हट्टानं निळा.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
यंदा मे महिन्यात दिनूची मुलगी आली,
जहाजावर जायचं शिकतेय, केस बारीक कापलेले.
खोळीपाशी थबकली.
"आत्या, हे तर के निशाण.
समोरच्या बोटीला दाखवतात."
म्हणजे काय गं?
"म्हणजे, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

खोळ मांडीवर घेऊन मी बसले.
बावीस वर्षं निशाणं शिवणाऱ्या माणसाला
हे ठाऊक नसेल?
की चिंध्यांत तेवढेच दोन रंग होते त्या दिवशी?
ते अंगात घालून मी
त्यांच्यासमोर दोन गिरक्या घेतल्या होत्या,
आणि ते, तोंडात टाचण्या नसताना,
नुसते बघत राहिले होते.

आई आतून, मेथी निवडता निवडता:
"कसलं बोलायचं होतं? कापड उरलं होतं, झालं."
बराच वेळ नुसता देठ मोडल्याचा आवाज.
मग म्हणाली,
"लालसुद्धा होतं. चांगलं मऊ.
ते नको म्हणाले."